दारफाळणीला आलेला फोन

माझ्या मुलीला नोकरी द्यायची की नाही, हे जपानमधल्या एका कंपनीने माझ्यावर सोपवलं होतं. मुलगी बावीस वर्षांची. टोरांटोत या वयाच्या मुलीला साधा सर्दीखोकला झाला तरी डॉक्टर आईला काही सांगत नाहीत, प्रायव्हसी म्हणतात. आणि तिकडे ओसाकातली शिकलीसवरलेली माणसं म्हणत होती की आईवडिलांनी समोर येऊन हो म्हटल्याशिवाय आम्ही काही पक्कं करणार नाही.

"मम्मी, इथे असंच असतं," डॅनिएलाने ऑगस्टमध्ये मला व्हिडिओवर समजावलं. "मुलं ऑफर घेतात, मग घरून आई म्हणते नको, आणि मुलं जॉइनच होत नाहीत. लास्ट यिअर यांच्याकडे असं झालं. म्हणून आता ते आधीच पेरेंट्सना कॉल करतात. इट्स जस्ट अ फॉर्मॅलिटी."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"मम्मी."

"विचारते फक्त."

"मग नाही घेणार ते मला. ऑक्टोबरमध्ये सगळ्या नव्या मुलांना बोलावून लेटर देतात, त्याच्या आत पेरेंट्सचं हो पाहिजे. आणि प्लीज, असं काही बोलू नकोस हं त्यांच्यासमोर."

काय बोलायचं नि काय नाही, हे आता मला कन्येकडून शिकायचं होतं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला, कारण हर्बर्टला वॉशरूमला न्यायची वेळ झाली होती.

हर्बर्ट माझा नवरा. बाथर्स्ट स्ट्रीटवर त्याचं चष्म्याचं दुकान होतं. डॅनिएला जपानला गेल्यावर, एका फेब्रुवारीत, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसवता बसवता तो काउंटरमागे कोसळला. स्ट्रोक. उजवी बाजू गेली आणि बोलणंही बरंचसं गेलं. डोकं शाबूत आहे, सगळं समजतं, पण तोंडातून एका वेळी एखादा शब्द निघतो, तोही बाहेर पडताना त्याचा घाम काढतो. दुकान आम्ही एका इराणी मुलाला विकलं. चांगला मुलगा आहे. त्याने पाटी बदलली तेव्हा आधी मला फोन केला होता.

तेव्हापासून माझा दिवस असा असतो: सकाळी पी.एस.डब्ल्यू., म्हणजे घरी येणारी मदतनीस बाई, येते, ती त्याला आंघोळ घालते आणि मी परत येईपर्यंत थांबते. ती आली की मी निघते, दुपारपर्यंत एका डेंटिस्टच्या रिसेप्शनवर बसते आणि लोकांना सांगते की डॉक्टरांना थोडा उशीर होतोय. मग ग्रोसरी, मग घर. मग त्याचं जेवण, त्याच्या गोळ्या, त्याचे व्यायाम, त्याला उठवणं, बसवणं, परत उठवणं. माझी कंबर कामातून गेली आहे. रागावले तर त्याला समजतं, नि तो भिंतीकडे बघत बसतो, म्हणून रागावायचीही सोय नाही. मी दमले होते. दमले म्हणजे झोपून उठल्यावर जातो तसा थकवा नाही. सकाळी डोळे उघडले की तो आधीच उशाशी बसलेला असायचा.

तेव्हा मला मुलगी परत हवी होती. हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये तिची डिग्री पुरी होणार होती, तिने घरी यावं, या कॉन्डोच्या दुसऱ्या खोलीत राहावं, इथेच कुठेतरी नोकरी करावी आणि रोज संध्याकाळी एकदा तरी मला म्हणावं, मम्मी तू बस, मी बघते डॅडीला. यापलीकडे मला काही नको होतं. आणि आता हे मिळवण्यासाठी मला फक्त एका अनोळखी बाईला नको म्हणायचं होतं.

जपानचं खूळ शाळेतलं. अकरावीत ती एक्स्चेंजवर तिकडे जाऊन आली, आणि येताना तिकडच्या युनिव्हर्सिटीची माहितीपत्रकं घेऊनच आली. बिझनेस शिकणार म्हणाली, इंग्लिशमधून, कोबेजवळ. मी म्हटलं, बिझनेस शिकायला घरापासून एका बसवर युनिव्हर्सिटी आहे की. पण ती म्हणाली, डॅडीचं दुकान मोठं करायचं तर वेगळं काहीतरी शिकून यायला हवं. हर्बर्ट एवढा खूश झाला की मग माझं कोण ऐकतंय.

पहिली दोन वर्षं इथल्यासारखीच गेली. अकाउंटिंग, मार्केटिंग, आणि रोज सकाळी जपानी भाषा. तिसऱ्या वर्षी तिकडे मुलं एकेका प्रोफेसरच्या गटात जातात, त्याला झेमी म्हणतात. मग शेवटपर्यंत तोच प्रोफेसर आणि तीच डझनभर मुलं. उन्हाळ्यात सगळी मिळून डोंगरात जाऊन राहतात. दिवसभर एकमेकांच्या प्रेझेंटेशनची सालं काढायची, संध्याकाळी एकत्र जेवायचं, सीनिअरनी ज्युनिअरना कामाला लावायचं आणि त्यांना सांभाळूनही घ्यायचं. "मम्मी, इट्स लाइक अ फॅमिली," डॅनिएला म्हणाली. फॅमिली इकडे आहे, याची मला तिला आठवण करून द्यावी लागली.

आणि तिच्या झेमीचा विषय काय, तर जपानातले छोटे जुने धंदे. तिकडे म्हणे हजारो दुकानं नि कारखाने चांगले चालू असतानाच बंद पडतात. मालक म्हातारा होतो, मुलं शहरात निघून गेलेली असतात, मागे कोणी नसतं. त्यांचे निशिवाकी सर मुलांना घेऊन अशा मालकांकडे जायचे. एक सोया सॉस करणारा, एक कात्र्या करणारा, एक छत्र्यांच्या मुठी करणारा. काही मालक चक्क लायक माणूस बघून त्याला दत्तक घेतात, चाळिशीच्या बाप्याला, कायद्याने, आणि धंदा त्याच्या हाती देतात. डॅनिएला हे सगळं मला डोळे मोठे करून सांगायची.

"मलाही कोणी दत्तक मिळतं का बघ," मी म्हटलं होतं. "स्वयंपाक नाही आला तरी चालेल. उचलता आलं पाहिजे."

ती हसली. मी पूर्ण थट्टेत बोलत नव्हते, पण तिला ते कळू द्यायचं नव्हतं.

चौथ्या वर्षी सगळ्यांनी काळे सूट शिवले आणि नोकरी शोधायला लागले. तिने गटाचा फोटो पाठवला, सगळ्या मुलींचे केस एकसारखे मागे बांधलेले, पांढरे शर्ट, काळ्या बॅगा. माझी मुलगी कुठली हे मला क्षणभर शोधावं लागलं, आणि त्या मुलींत कोकणातल्या सावळ्या रंगाची ती एकटीच होती. निशिवाकी सरांनी तिला ओसाकातल्या एका कंपनीत नेऊन भेटवलं. ही कंपनी अशाच म्हाताऱ्या मालकांना वारस शोधून देते. म्हणजे माझ्या मुलीचं काम काय, तर सूट घालून परक्यांच्या दारात जायचं, चहा प्यायचा आणि विचारायचं, तुमच्यानंतर कोण?

"सरांच्या शब्दावर घेतलंय त्यांनी मला," ती म्हणाली होती. "मी आता नाही म्हटलं ना, तर पुढच्या वर्षी माझ्या ज्युनिअर्सना ते दारातसुद्धा उभं करणार नाहीत. इथे असंच असतं."

इथे असंच असतं. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आमच्याकडे कसं असतं, हे तिला कोणी विचारत नव्हतं का?

आमच्याकडे म्हणजे बेने इस्राएल लोकांकडे. आम्ही ज्यू, पण कोकणातले, घरात मराठी बोलणारे. इथे टोरांटोत, नॉर्थ यॉर्कमध्ये, भारतीय लोक मला विचारतात, तुम्ही ज्यू कशा, आणि ज्यू लोक विचारतात, तुम्ही इंडियन कशा. दोघांना उत्तरं द्यायचा मला कंटाळा आला आहे. तर आमच्याकडे नव्याचा सण, म्हणजे आमचं नवं वर्ष, झाला, की दहाव्या दिवशी दारफाळणी येते. बाकीचे ज्यू योम किप्पुर म्हणतात तीच. आदल्या दिवशी ऊन उतरायच्या आत जेवून घ्यायचं, आंघोळ करून पांढरे कपडे घालायचे आणि दार लावून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, आणि बाहेरच्या माणसाशी बोलणंही नाही. माझ्या आजीच्या काळी शेजारणीने हाक मारली तरी ओ देत नसत. मी वर्षभर शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशीसुद्धा, फोन वापरते, दिवे लावते, सगळे नियम मोडते. पण ही एक रात्र पाळते.

कंपनीने कॉलची वेळ कळवली: सोमवारी सकाळी नऊ. तिकडचे सोमवार सकाळी नऊ म्हणजे इकडचे रविवार संध्याकाळी आठ. सिनेगॉगचं कॅलेंडर फ्रिजवर लावलेलं होतं. त्या रविवारी दारफाळणी लागत होती.

डॅनिएलाने लिहिलं होतं, "सन्डे एट पीएम ओके?" तिच्या लक्षातच नव्हतं. पहिल्या वर्षी तिने तिकडे एकटीने उपास केला होता, दुसऱ्या वर्षी परीक्षा होती, मग विषयच निघाला नाही. मी लिहायला हवं होतं, अगं त्या दिवशी नको, वेळ बदलून घे. त्यांनी बदलली असती, एवढी सभ्य माणसं ती. मी थोडा वेळ तिचा मेसेज बघत बसले. मग लिहिलं, "ओके."

का, ते मला त्याच वेळी माहीत होतं. फोन वाजेल, आम्ही उचलणार नाही. आईवडिलांचं हो मिळणार नाही. मी नको म्हणणार नाही, खोटं बोलणार नाही, काहीच करणार नाही. मुलीने विचारलं तर सांगेन, दारफाळणी होती बाई, तूच विसरलीस.

त्या रविवारी दुपारी बोअझ आला. बोअझ हर्बर्टचा धाकटा भाऊ, आमच्या मंडळींच्या प्रार्थना तोच चालवतो. सणाच्या आधी हर्बर्टला आंघोळ घालून पांढरा झब्बा चढवायला तो दर वर्षी येतो. गेल्या वर्षी हर्बर्टला सिनेगॉगला नेलं होतं, पण खुर्चीत एवढा वेळ बसणं त्याला झेपलं नाही, म्हणून या वर्षी आम्ही दोघं घरीच राहणार होतो. हर्बर्ट आत झब्ब्याच्या बाहीशी झगडत होता. स्वयंपाकघरात मी पुऱ्या लाटताना बोअझला फोनचं सांगितलं.

त्याने एक पुरी खाल्ली.

"मग प्रश्न कुठे आला, वहिनी?" तो म्हणाला. "आज फोन घ्यायचाच नाही. तू कुठे नको म्हणतेयस? तो वर बसलाय, तोच बघेल."

"असं म्हणतोस?"

"मी दर आठवड्याला याला फिजिओला नेतो. मीपण आता साठीला आलो, ड्राइव्ह करताना माझे डोळे दुखतात. पोरीने यायला पाहिजे. हे मी तिला बोलू शकत नाही, तूपण नाही. मग देवालाच बोलू दे की."

मला बरं वाटलं. कोणीतरी माझ्यासारखंच कंटाळलेलं होतं आणि तसं म्हणत होतं. बोअझ गेल्यावर मी हर्बर्टला भरवलं. त्याला उपास करायची मनाई आहे, गोळ्या घ्याव्या लागतात. मी स्वतः दोन पुऱ्या आणि थोडी खीर खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्यायले. आंघोळ करून पांढरी साडी नेसले, दिवा लावला, दाराची कडी घातली. टॅबलेट मात्र जेवणाच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला तसाच ठेवला. खरोखर पाळायचं असतं तर आधीच बंद करून कपाटात टाकला असता.

खिडकीबाहेर फिंच अव्हेन्यूवर गाड्यांची रांग लागली होती. हर्बर्ट टेबलाशी माझ्या शेजारी त्याच्या खुर्चीत बसला होता, डाव्या हातात प्रार्थनेचं पुस्तक. पानं उलटायला त्याला वेळ लागतो, पण मदत केलेली आवडत नाही.

आठला टॅबलेट वाजला.

हर्बर्टने पुस्तकातून मान वर केली. स्क्रीनवर कंपनीच्या बाईचं नाव आलं होतं. आजचा फोन त्याला माहीत होता, डॅनिएलाने त्यालाही सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"आज दारफाळणी आहे," मी म्हटलं.

वाजून वाजून टॅबलेट गप्प झाला. झालं, सुटले, मला वाटलं. हर्बर्ट अजून माझ्याकडेच बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. तो लाजल्यासारखा बघत होता, जणू हे सगळं त्याच्यामुळे झालं, तो असा बसला नसता तर मला आज असं करावं लागलं नसतं.

टॅबलेट परत वाजायला लागला.

"घे," हर्बर्ट म्हणाला.

"हर्बर्ट, आज..."

"ॲनी. घे."

दोन शब्द लागोपाठ. व्यायाम करून घेताना दोन शब्द जोडायला मी त्याची किती मनधरणी करते. मी टॅबलेट उचलून, त्याने टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाला टेकवला आणि बटण दाबलं.

कुरोदा नावाची बाई होती. माझ्याच वयाची असेल, काळा कोट, केस कानामागे. तिने इतकं वाकून नमस्कार केला की क्षणभर स्क्रीनवर फक्त तिचा भांग दिसला. इंग्रजी सावकाश बोलत होती, प्रत्येक वाक्य आधी तपासून घेतल्यासारखं. रविवारी संध्याकाळी त्रास दिल्याबद्दल तिने माफी मागितली. मग फोन दोनदा केल्याबद्दल मागितली. मी मनात म्हटलं, बाई, आज माफी मागायचा आमचा दिवस, तू कशाला?

डॅनिएला-सान फार कष्टाळू आहे, ती म्हणाली. निशिवाकी सरांनी सांगितलं की उन्हाळी शिबिरात ज्युनिअर मुलांना प्रेझेंटेशन शिकवायला ती सगळ्यांत शेवटपर्यंत बसते. एका म्हाताऱ्या कात्रीवाल्याने तर विचारलं, ही कॅनडाची मुलगी परत कधी येणार? कुरोदाबाई हसली. मीही हसले, आणि मला कौतुक वाटलं, नको असताना वाटलं.

"परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत आम्हाला एकच काळजी असते," ती म्हणाली. "घरच्या जबाबदाऱ्या. दोन-तीन वर्षं आम्ही शिकवतो, आणि मग आई किंवा वडील आजारी पडतात, मुलांना परत जावं लागतं. त्यांचा दोष नसतो. पण ज्या मालकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवलेला असतो त्यांना वाईट वाटतं. डॅनिएला-सानने आम्हाला सांगितलंय की तुम्ही दोघंही उत्तम आहात, वडील अजून स्वतःचं दुकान चालवतात. ते ऐकून आम्ही निश्चिंत झालो."

माझ्या मुलीने काळा सूट घालून, केस मागे बांधून, परक्या माणसांसमोर बसून बापाला धडधाकट केलं होतं. विकलेलं दुकान परत उघडलं होतं. मला भयंकर संताप आला. तिला आमची लाज वाटत होती का? की हे खरं सांगितलं तर परत यावं लागेल, याची एवढी भीती वाटत होती?

आणि त्याच क्षणी मला हेही समजलं, की आता नको म्हणायचीसुद्धा गरज नाही. हर्बर्ट माझ्या शेजारी, एका हाताच्या अंतरावर होता. टॅबलेट जरा डावीकडे वळवला, की बाईंना चष्म्याचे दुकानदार दिसले असते: गळ्यात टॉवेल, तोंडाच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ, मांडीवर पडलेला उजवा हात. मला तोंडातून एक अक्षर काढावं लागलं नसतं. मार्चमध्ये मुलगी घरी आली असती.

माझा हात टॅबलेटपर्यंत गेला. खरंच गेला.

तेवढ्यात शेजारी खुर्ची करकरली. हर्बर्टने डाव्या हाताने टेबलाची कड पकडली होती आणि तो उठत होता. एकट्याने उठायची त्याला सक्त मनाई आहे. मला ओरडायचं होतं, पण बाई बघत होती. तो उभा राहिला, हेलकावला, वॉकर ओढून घेतला आणि टेबलामागून, टॅबलेटच्या पाठीकडून, पॅसेजकडे निघाला. उजवा पाय फरफटत होता. त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तो जितका स्क्रीनपासून लांब जाता येईल तितका जात होता.

मी हात मागे घेतला.

"मिस्टर नवगावकर घरी आहेत का?" कुरोदाबाईने विचारलं. "त्यांनाही नमस्कार करायचा होता."

"तो सिनेगॉगला गेलाय," मी म्हटलं. "आज आमचा मोठा सण आहे. चालत गेलाय. लांब आहे, पण ऐकत नाही."

"किती छान," ती म्हणाली, आणि सणाच्या दिवशी त्रास दिल्याबद्दल परत वाकली. "मग आम्ही समजू ना, की डॅनिएला-सानने आमच्याकडे यायला तुमची दोघांची संमती आहे?"

पॅसेजमध्ये वॉकर कशाला तरी आपटला.

"हो," मी म्हटलं. "दोघांची आहे."

तिने एवढे आभार मानले की मला तिची दया आली. मग तिने विचारलं, तुम्हाला कंपनीबद्दल काही विचारायचं आहे का. सगळ्या आया काहीतरी विचारत असणार, जेवणाचं, राहण्याचं. मी विचारलं, घरी यायला सुट्टी मिळते का?

तिला प्रश्न आवडला. तिने समोरचा कागद बघून सगळं नीट सांगितलं. पहिल्या वर्षी सुट्टी थोडी असते, पुढे वाढते. स्वतःच्या लग्नासाठी वेगळी मिळते. आणि आईवडिलांपैकी कोणाचं निधन झालं तर पगारी रजा मिळते, शिवाय कंपनीतर्फे फुलंही पाठवली जातात, परदेशातसुद्धा. तिच्या आवाजात खरा जिव्हाळा होता. मी थँक यू म्हटलं. तिने वाकून नमस्कार केला, मीही केला, स्क्रीन काळी झाली.

मी धावत पॅसेजमध्ये गेले. हर्बर्ट वॉशरूमच्या दाराशी भिंतीला टेकून उभा होता. वॉकर पुढे घरंगळला होता, पांढरा झब्बा घामाने पाठीला चिकटला होता, आणि तो आता पुढे जाऊ शकत नव्हता की मागे. आमचं बोलणं त्याला शब्दन्‌शब्द ऐकू आलं होतं.

"हो म्हटलं मी," मी सांगितलं.

त्याने मान हलवली. मग त्याच्या तोंडाची चांगली बाजू थरथरायला लागली. मला वाटलं परत झटका येतोय.

"फुलं," तो म्हणाला. थांबला. शब्द शोधत राहिला. "फ्री."

तो हसत होता. किती महिन्यांनी हसत होता, बाथर्स्ट स्ट्रीटवरचा तो दुकानदार. मलाही हसू आलं, थांबेना, मी भिंतीला धरून हसले. आणि हसता हसता त्याचं हसणं बदललं, तो रडायला लागला, डॅनी, डॅनी म्हणत, लहान मुलासारखा, तोंड न झाकता, कारण झाकायला लागणारा हात त्याने भिंतीवर रोवला होता.

मला तिच्यावर राग होता, त्याच्यावर होता, त्या फुलांवर होता. घशाला कोरड पडली होती आणि उद्या अंधार पडेपर्यंत पाणी नव्हतं. त्या संध्याकाळी घरातल्यांनी एकमेकांची माफी मागायची असते, पण ते सुचायला आम्हाला वेळ कुठे होता. मी त्याच्या काखेत हात घातला, कंबर सावरली आणि त्याला भिंतीपासून सोडवून खुर्चीकडे न्यायला लागले, एकटीच, आज आणि यापुढेही.